दोन सुनीता, एक एक्स-रे

मंगळवार, बोईसर

दवाखान्यात एक्स-रे काढणं आणि कॉम्प्युटरवर ठेवणं माझं काम. दुपारी डॉक्टर म्हणाले, एक्स-रेच्या फाईलींना नुसती पेशंटची नावं दे, मागचे आकडे नकोत. एकेक बदलत कोण बसणार? ‘नावानंतर येणारे आकडे काढ’ असा साचा देऊन मी एकच कमांड चालवली. क्षणात सगळी नावं बदलली. मूळ प्रत ठेवायला हवी होती. का नाही ठेवली?

सकाळी सुनीता पाटील नावाच्या दोघी आल्या होत्या. एक दातिवऱ्याची मासे विकणारी, दुसरी जळगावकडची, कारखान्यात पॅकिंगला. आकडे गेल्यावर दोन्ही फाईलींचं नाव एकच झालं आणि दुसरी पहिलीवर जाऊन बसली, पहिली पुसली गेली. कॉम्प्युटरने विचारलंसुद्धा नाही. उरलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग आहे. कुणाच्या?

डॉक्टर म्हणाले, “दोघींना परत बोलव.”

दातिवऱ्याची संध्याकाळी आली. पुन्हा एक्स-रे काढला. स्वच्छ. बांगड्या चढवताना तिने विचारलं, “माजा बरा हाय, मग त्या दुसरीचा काय?”

दुसरीचा फोन बंद. शेवटी मीच रिक्षा करून तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप. तो डाग सारखा डोळ्यांसमोर येत होता.

खोलीमालक म्हणाला, “वो तो दोपहर को गाँव चली गई। खाँसी बहुत थी, बोली, उधर ठीक हो जाएगी।”

कुठलं गाव, ते त्याला माहीत नाही.