डावी बाजू शेजारच्याची

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी किती अंगं जमिनीला टेकतात ते विचारू नका, भावना पोचली म्हणजे झालं.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे माणसं खुशाल आहेत, गाडीचं पुढे सांगतो. तुमचा रक्तदाब काय म्हणतो? वहिनींची मान कशी आहे? मानेचा पट्टा लावतात, की तो खुंटीलाच टांगलेला असतो? नातीला रोज गाडीने शाळेत सोडायचं काम तुम्ही अंगावर घेतल्याचं कळलं. तुम्ही स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी आणि पोर मागे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि कागद पुढ्यात ओढला. काम एकच आहे, ते ओघाने येईलच.

मी सध्या गाडी शिकायला जातो. हसू नका. डोक्यावरचे केस जाईपर्यंत गाडी चालवली आणि आता शिकतो आहे, हे मलाही विचित्र वाटतं. झालं असं, की त्या दिवशी ही माहेरी गेली होती म्हणून मी एकटाच गाडी घेऊन निघालो. बाजाराच्या चौकात उजवीकडे नीट पाहिलं, अगदी तुम्ही शिकवलंत तसं, आणि गाडी पुढे घेतली. डावीकडून एकजण प्लास्टिकच्या बादल्यांची हातगाडी घेऊन येत होता. माणूस चपळ, त्याने उडी मारली म्हणून खरचटण्यावर निभावलं. बादल्या मात्र चौकभर झाल्या, आणि एक निळी बादली माझ्या बॉनेटवर उपडी येऊन बसली. वाहतूक पोलिसाने डावीकडे पाहिलं नाहीत का, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की डावीकडे बघणारी आज माहेरी गेली आहे. त्याने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला, मग लायसन्स काढून घेतलं आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणाल तेव्हा न्या म्हणाला.

त्या बिचाऱ्याला आपल्या घरची पद्धत काय माहीत? मला, दोघी बहिणींना आणि आतेभावाला (तो अजून गाडी मागे घेताना कुणीतरी टपावर थाप मारून 'येऊ दे, येऊ दे' म्हणेपर्यंत हलत नाही) गाडी तुम्हीच शिकवलीत. पहिल्याच दिवशी सांगितलंत, उजवी बाजू चालवणाऱ्याची, डावी शेजारच्याची. माणसाला मान एकच, ती किती ठिकाणी फिरवणार? शेजारच्याने डावीकडे बघायचं आणि 'मोकळं' म्हणायचं, की गाडी सोडायची. त्याच आठवड्यात तुम्ही गाडीचा डावा आरसा काढून न्हाणीघरात दाढीसाठी लावलात. शेजारी जिवंत माणूस बसलेलं असताना आरसा कशाला, हे तुमचं म्हणणं आम्हाला तेव्हा वेदवाक्य वाटलं होतं. आपल्याकडे सून आणताना स्वयंपाक येतो का हे कुणी विचारलं नाही, मान दोन्हीकडे वळते ना एवढं पाहिलं. (वहिनींना हे वाचून दाखवू नका. किंवा दाखवा.)

तर ड्रायव्हिंग स्कूल. किराणा दुकानाच्या माळ्यावर एक खोली आहे, टेबलावर खडूने रस्ते काढलेत आणि त्यांवर खेळण्यातल्या मोटारी. बाकी सगळी मिसरूड न फुटलेली मुलं, आणि मी. शिकवणाऱ्या बाई आमच्या लेकीच्या वयाच्या, आवाज मात्र सासूचा. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यामुळे त्या शांत असतात. पहिल्या दिवशी चौकात आलो, थांबलो, उजवीकडे पाहिलं आणि बसून राहिलो. बाईही बसून राहिल्या. मागे हॉर्नचा गलका झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, कशाची वाट बघताय?" मी म्हटलं, "तुम्ही मोकळं म्हणायची." त्यावर बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि तुम्हाला कुणी शिकवलं, असं विचारलं. मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. "ते अजून चालवतात?" असं त्यांनी हळूच विचारलं, तेव्हा मी विषय क्लचवर नेला.

मग त्यांनी मला डावीकडे बघायला लावलं. दादा, खरं सांगतो, केवढी माणसं असतात हो तिकडे! सायकलवाले, पिशव्या सांभाळणाऱ्या बाया, काठी टेकत निघालेले एक आजोबा, दप्तरं पाठीला लावलेली पोरं. इतकी वर्षं ही सगळी मंडळी आमच्या हिच्या एका शब्दावर जगत होती. घरी येऊन हिला म्हटलं, यापुढे डावीकडेही मीच बघणार. आधी तिचा हक्क गेल्यासारखं तिला वाटलं. आता म्हणते, लायसन्स परत मिळालं की गाडीत बसल्याबरोबर खुशाल घोरणार.

परीक्षा लवकरच आहे. पास झालो तर कळवीन, नाहीतर तुम्हीही विचारू नका. वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

तुमच्याच हाताखाली तयार झालेला,
धाकटा

ता. क. सोबतच्या खोक्यात दाढीचा नवा आरसा पाठवतो आहे. दिवा पण लागतो त्याला. आता न्हाणीघरातला जुना आरसा मोकळा झालाच आहे, तर मेकॅनिककडून गाडीला लावून घ्या, आणि लावल्यावर त्यात बघाही. त्याशिवाय पोरीला गाडीत घालू नका. इकडे चार दिवस याल तर बाईंच्या वर्गात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

आणखी एक ता. क. हे तुम्हाला सांगू नका म्हणून वहिनींनी फोनवर शपथ घातली आहे, म्हणून लिहून कळवतो. त्यांची मान हिवाळ्यापासून डावीकडे वळतच नाही. तुम्ही रागवाल म्हणून बोलल्या नाहीत. 'मोकळं' त्या अंदाजाने म्हणतात. शाळेच्या वळणावर तर 'मोकळं' म्हणतात आणि डोळे मिटून घेतात.