सभासद क्रमांक ४१ चा अभिप्राय

लिहून ठेवणार : अनिता दत्तोबा केदारी, वय ४६ वर्षे, शिक्षण एम. ए. (मराठी), ग्रंथपाल, केरबा गुरुजी सार्वजनिक वाचनालय, राहणार भांगरवाडी, लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

येत्या गुरुवारी पुण्यात माझ्या गळ्यातल्या गाठीचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले, आणि लगेच जवळच्या नातेवाइकाचे नाव विचारले. म्हणून हे मृत्युपत्र. ते मी पूर्ण शुद्धीत, माझ्या अक्षरात लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असे नमूद करण्याची पद्धत आहे. बाहेरचा दबाव नाही हे खरे. आतला आहे, त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रोजनिशी मात्र एकोणतीस वर्षे लिहिते आहे.

१. घर. भांगरवाडीतल्या माझ्या दोन खोल्या व मागची न्हाणी माझी भाची तेजल माऊली केदारी हिला मिळावी. माझा भाऊ माऊली याने त्यात हक्क सांगू नये. त्याच्यावर माझा राग नाही, पण भुशी धरणावर येणाऱ्या पर्यटकांना शनिवार-रविवार त्या खोल्या भाड्याने द्याव्यात हे तो मला बारा वर्षे सांगतो आहे, आणि मी गेल्यावर तेराव्यानंतर लगेच पाटी लावील अशी मला खात्री आहे. तेजलने तसे करू नये, अशी अट घालायची होती. वकील म्हणाले, अशा अटी टिकत नाहीत. म्हणून ही विनंती समजावी. खिडकीतल्या खुर्चीवर कोणा अनोळखी माणसाचे ओले टॉवेल वाळत पडलेत हे चित्र मला सहन होत नाही.

२. बँकेतली शिल्लकही तेजललाच. ती फार नाही.

३. माझे पुस्तक. 'आंदर मावळातील पाऊलनोंदी' हे मी स्वखर्चाने छापलेले एकमेव पुस्तक. त्याच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली दोन खोक्यांत आहेत. त्यासाठी मी चार वर्षे सुट्टीच्या दिवशी टाकवे गावापासून पुढे चालत गेले, भात लावणाऱ्या बायकांच्या बांधावर बसून लिहिले. त्या प्रती आंदर मावळातल्या शाळांना वाटाव्यात. रद्दीत घालायच्या असल्या तर निदान लोणावळ्याबाहेर घालाव्यात.

इथे आमच्या वाचनालयाची एक रीत सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. संस्थापक केरबा गुरुजींनी नियम केला होता की पुस्तक परत करताना वाचकाने मागच्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन ओळी अभिप्राय लिहायचा. नाव लिहायचे नाही, फक्त सभासद क्रमांक. माणूस बघून मत ठरवू नये, हा गुरुजींचा हेतू. प्रत्यक्षात कोणता क्रमांक कोणाचा हे सगळ्या गावाला पाठ आहे.

माझ्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर तीन अभिप्राय आहेत. 'चांगले आहे.' 'चांगले आहे, चित्रे हवी होती.' 'छान.' तिसरा माऊलीचा, आणि त्याने पुस्तक उघडलेले नाही. मला कोणी वाईट म्हटले नाही. खुपले ते हेच.

४. मत्सर. या कलमाने कोणाला काही मिळत नाही.

अतुल घोजगे हा माझा तळेगावच्या कॉलेजातला वर्गमित्र. उर्स्याला टोलनाक्यावर अकरा वर्षे नोकरीला होता. दर शनिवारी वाचनालय बंद झाल्यावर आम्ही चहा घ्यायचो, तो गमती सांगायचा, मी रोजनिशीत उतरवायची. एप्रिल २०२३ मध्ये त्याची 'परतीचा टोल निम्मा' ही राजकीय उपहासाची कादंबरी आली. तीत एक राज्य आहे. तिथे एका मतावरून दुसऱ्या मतावर जायला नाका ओलांडावा लागतो आणि टोल भरावा लागतो. पुढाऱ्यांना पास असतो. आणि मत बदलून चोवीस तासांच्या आत परत आले तर परतीचा टोल निम्मा.

महिनाभरात त्या पुस्तकाची चिठ्ठी मला सात वेळा कागद जोडून वाढवावी लागली. ती घडी घालून ठेवावी लागे. क्रमांक १२ ने लिहिले, 'पहिली वीस पाने पोट धरून हसलो. नंतर आमच्या पक्षावर आले, मग मिटले.' क्रमांक ८८ : 'सासूबाईंना वाचून दाखवले. त्या हसल्या नाहीत, पण थांबले की पुढे वाच म्हणत होत्या.' क्रमांक १०३ : 'लेखक कोणत्या पक्षाचा ते शेवटपर्यंत कळले नाही, त्यामुळे राग कोणावर धरावा समजेना.' क्रमांक ७, म्हणजे आमच्या समितीचे सचिव व चिक्कीचे दुकानदार विठ्ठलभाऊ ढोरे : 'हा विनोद नव्हे, विष आहे. पान ६२ फाडावे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'पान ६२ कोणी फाडले? आणून द्यावे.' पान ६२ वर एक चिक्कीवाला पुढारी आहे, जो सभेचा रंग बघून चिक्कीचा कागद बदलतो. गावातल्या तीन दुकानदारांना तो आपणच आहोत असे वाटले.

लोक काउंटरपाशी उभे राहून भांडत होते. एका पुस्तकावरून. या काउंटरमागे मी चोवीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर घडत होते, आणि ते माझ्या पुस्तकावरून घडत नव्हते. मी रोज संध्याकाळी ती चिठ्ठी उलगडून पुन्हा वाचायची. शिव्यांचाही हेवा वाटायचा. शिव्यांचा जास्त.

जून महिन्यात एका दुपारी वाचनालयात कोणी नव्हते. पुस्तक परत आले होते. राखीव यादीत पुढचे नाव होते सभासद क्रमांक ४१, रतनबाई भालेराव. टपाल खात्यातून निवृत्त. मूळच्या आंदर मावळातल्या, आता नांगरगावात राहतात. त्यांचा अभिप्राय कधी गोड नसतो, कधी खोटा नसतो. एखाद्या पुस्तकावर ४१ ने 'वाचावे' एवढे लिहिले तरी ते पंधरा दिवस कपाटात दिसत नाही.

मी देवघेव वहीत ४१ च्या नावे पुस्तक दिल्याची व परत आल्याची नोंद केली. मग चिठ्ठीवर, अक्षर वळवून, लिहिले : 'लेखकाने आपलीच माणसे विकून हशा विकत घेतला आहे. — ४१.'

हे मी लिहिले. दुसऱ्या कोणी नाही.

ते वाक्य पसरले. तालुक्याच्या एका साप्ताहिकात चौकटीत छापून आले. माझ्या हातून उतरलेल्या वाक्यांत सर्वांत गाजलेले तेच, आणि ते दुसरीच्या नावावर आहे. त्याबद्दलही मला रतनबाईंचा हेवा वाटला, हे लिहिताना लाज वाटते. पण वाटला. समितीच्या बैठकीत विठ्ठलभाऊंनी ते वाचून दाखवले. ते म्हणाले, आपल्या मताला कोणी विचारत नाही, पण रतनबाईंना खटकले म्हणजे विषय संपला. पुस्तक नऊ नंबरच्या कपाटात कुलूपबंद झाले. किल्ली ग्रंथपालाकडे, म्हणजे माझ्याकडे. अतुल एकदा आला, कपाटाकडे बघितले, म्हणाला, "रतनमावशींनी लिहिलं म्हणजे असेल काहीतरी." आणि शनिवारचा चहा बंद झाला.

रतनबाईंच्या वस्तीतल्या मुलांना ते पुस्तक फार आवडले होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दरवर्षी एका पुस्तकावर बोलायचा मान रतनबाईंचा. त्या वाक्यामुळे त्या ऑक्टोबरात तो दुसऱ्याला दिला. त्यानंतरच्याही. यंदाच्याही.

आणि रतनबाई? त्यांना अर्थातच माहीत होते. न वाचलेल्या पुस्तकावर आपला क्रमांक कोणी घातला असेल, हे ओळखायला वही-पेन कोणाच्या हाती असते एवढे कळले की पुरे. तरी त्या दर मंगळवारी येत राहिल्या. पुस्तक घ्यायच्या, परत करताना दोन ओळी लिहायच्या, जायच्या. मला एका शब्दाने विचारले नाही. मी रोजनिशीत लिहिले आहे, 'बहुधा त्यांनी मनावर घेतले नसावे.' ते खोटे आहे.

५. रोजनिशी, सन २०१६. ही अतुलला द्यावी. कारण असे. गेली दोन वर्षे मी माझ्या मनाची अशी समजूत घातली होती की 'परतीचा टोल निम्मा' ही कल्पना मुळात माझी. मी चहा पिताना बोलले आणि त्याने उचलली. या मृत्युपत्रात ते पुराव्यानिशी मांडावे म्हणून मी मागच्या वह्या काढल्या. १३ ऑगस्ट २०१६ चे पान सापडले. माझ्याच अक्षरात आहे : 'अतुल आज म्हणाला, पुढाऱ्यांना परतीचा टोल निम्मा ठेवला पाहिजे. इतकी हसले की चहा सांडला.' पानावर चहाचा डाग आहे. डागाभोवती पेन्सिलने मी गोल केला आहे.

६. बाकीच्या अठ्ठावीस रोजनिशा वाचनालयास. प्रत्येकीच्या मागच्या पानाला अभिप्रायाची चिठ्ठी चिकटवावी. डिंकाची बाटली माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. वाईट अभिप्राय काढून टाकू नयेत. चांगल्यांची फार छाननी करू नये.

७. हे कलम मी खोडले आहे. इथे लिहिले होते की माझ्या पश्चात एक बंद पाकीट रतनबाई भालेराव यांना द्यावे. पाकिटात वरचे कलम चार आणि माफीचे पत्र होते. साक्षीदार म्हणूनही मी रतनबाईंनाच बोलावले होते, कारण सबंध लोणावळ्यात ज्या सहीवर माझा विश्वास आहे ती त्यांची आहे, हे मी ती चोरली तेव्हाच सिद्ध झाले. वकिलांनी कागद वाचून सांगितले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, पुढे वाद होतो. साक्षीदार तरी बदला, नाहीतर पाकीट तरी काढा.

मी दोन दिवस विचार केला. दुसरा साक्षीदार मिळणे अवघड नव्हते, आणि पाकीट मेल्यावर पोहोचणे फारच सोपे होते. शेवटी पाकीट काढले. म्हणजे रतनबाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यांना जे द्यायचे ते मला जिवंतपणी द्यावे लागेल.

८. आज रविवार, दुपारी चार वाजता, दोन्ही साक्षीदार माझ्या घरी आले. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवण्याची कायद्याने गरज नाही. मी दाखवला. कलम चार वाचताना मी मध्येच कागद खाली ठेवला, तेव्हा रतनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "वाच, वाच. अर्ध्यावर सोडू नको."

दुसरे साक्षीदार विठ्ठलभाऊ ढोरे. पुस्तकाशी वैर असलेला माणूस साक्षीला बरा, असे वाटून बोलावले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पुस्तक मला आजही विषच वाटतं. पण खोट्या सहीवर कपाटात घातलं असेल, तर बाहेर काढावं लागेल. आता माझ्या एकट्याच्या शिव्यांवर ते आत ठेवता येत नाही." समितीपुढे हे कलम वाचायची परवानगी त्यांनी मागितली. मी दिली. नोकरीचे काय ते समितीने ठरवावे. पान ६२ बद्दल मी विचारले. ते म्हणाले, दुकानात आहे, आणून देतो.

मी रतनबाईंना विचारले, "मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. मग पुस्तकं कुणी काढून द्यायची? ह्या विठ्ठलनं? ह्यो तर उंची बघून लावील." पुढे म्हणाल्या, "आणि तू सांगशील असं वाटलं व्हतं. लय उशीर केलास अनिता. तीन वर्षं त्या कार्यक्रमात मी मागच्या खुर्चीवर बसले."

मी माफी मागितली. दिली असे त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारले, पुस्तक बाहेर मिळत होते, विकत घेऊन का वाचले नाही. म्हणाल्या, "कशाला? माझ्या नावावर आधीच वाचून झालं व्हतं न्हवं." मग हात पुढे केला. "किल्ली दे."

आम्ही तिघे वाचनालयात गेलो. रविवारी ते बंद असते, तरी उघडले. नऊ नंबरच्या कपाटातून पुस्तक काढले. जून २०२३ मधली माझी खोटी नोंद त्यांच्यासमोर लाल शाईने खोडली, शेजारी सही केली. आज ४१ च्या नावे खरी नोंद केली. परतीची तारीख पंधरा दिवसांनी, २४ नोव्हेंबर.

सबंध गाव ज्यावर भांडले त्या पुस्तकावर ४१ चे खरे मत काय, हे अजून कोणालाच माहीत नाही. मला ते चिठ्ठीवर वाचायचे आहे. चांगले निघाले तर मला पुन्हा हेवा वाटणार, हे मी ओळखून आहे. गुरुवारनंतर तो वाटायला मी असावे, एवढी इच्छा आहे. ही इच्छा मृत्युपत्रात मांडता येते की नाही, हे वकिलांना विचारलेले नाही.

येथवर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून पाहिले. दोन ठिकाणी स्वतःला बरे दाखवले होते, ते खोडले आहे. खोडलेल्या जागी सही आहे.

ठिकाण : लोणावळा
दिनांक : रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सही : अनिता दत्तोबा केदारी

आमच्या समक्ष सही केली म्हणून साक्षीदार :

१. विठ्ठल ढोरे, सभासद क्रमांक ७ (मत कायम)

२. रतनबाई भालेराव, सभासद क्रमांक ४१ (मत वाचून झाल्यावर)