अकरा बेचाळीसच्या कॉलमधील दोन आवाजांमधले अंतर कळविण्याबाबत

प्रति,
माननीय गुणवत्ता नियंत्रण अधिकारी,
ध्वनिमुद्रण शाखा, ग्राहक मदत विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : दि. ३ मे, सकाळी ११.४२ च्या माझ्या कॉलच्या ध्वनिमुद्रणातून माहिती मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले गुणकपातीचे पत्र, दि. ५ मे.
२) माझे दि. १८ व २४ मे रोजीचे अर्ज (दोन्ही नामंजूर).

माननीय महोदय,

१. मी दोन वर्षांपासून आपल्या विभागात घरून काम करणारी मदतनीस आहे. घरी बसून काम करताना ज्यांचे इंटरनेट बंद पडते, आवाज जात नाही, चित्र गोठते, त्यांना फोनवर मार्ग दाखवणे हे माझे काम. माझ्या स्वतःच्या घरचे इंटरनेट मात्र मार्चपासून धड चालत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरे काय. पाच तक्रारी केल्या. एकदा आपल्याच मदत क्रमांकावर फोन लावला, तर एका सहकारी बाईंनी मी रोज वाचते तोच कागद मला वाचून दाखवला : राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. मीही निमूट थांबले. शेवटी लाइनमन आला. भिंतीतली तार कुजली आहे, भिंत फोडायला घरमालकांचे पत्र आणा, एवढे सांगून गेला. घरमालक फोन उचलत नाहीत.

२. दिवसात तीनदा लाइन तुटली की अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागते, हे आपण जाणताच. आमच्या इमारतीत मोबाइलचे नेटवर्क नीट मिळते ते एकाच जागी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी. एप्रिलपासून मी तेथे स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होते. कामाच्या जागेच्या फॉर्मवर मी "स्वतंत्र खोली, दार बंद होते" असे लिहिले आहे. ते खोटे आहे. ही कबुली मी आपणहून देत आहे, म्हणजे नंतर शोधत बसण्याचे कष्ट कोणाला नकोत.

३. माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. पती परगावी नोकरीला असतात. मुलीला सासूबाई सांभाळतात, फक्त त्यांच्या आंघोळीच्या वेळी ती माझ्याजवळ असे. जुन्या चादरीची पट्टी तिच्या कमरेला बांधून दुसऱ्या टोकाचा फेरा मी स्टुलाच्या पायात अडकवत असे. पट्टी किती लांब असली म्हणजे पायरीपर्यंत पोचत नाही, हे मी तीनदा मोजले होते. काळजी घेतली नाही असे कोणी म्हणू नये.

४. दि. ३ मे रोजी एका निवृत्त मास्तरांचा कॉल चालू होता. ते घरून शिकवण्या घेतात. मध्येच माझा आवाज तुटू लागला. कॉल जाऊ नये म्हणून मी स्टूल उचलून खिडकीकडे हातभर सरकवले. फेरा स्टुलाच्या पायातून तेव्हाच निघाला असणार. माझे लक्ष पडद्यावर होते.

५. कार्यालयाने दिलेला हेडफोन कान पुरते झाकतो. त्याचा माइक मात्र तिखट आहे. त्यामुळे माझ्या पाठीमागे काय झाले ते मला ऐकू आले नाही, मास्तरांना आले. ते म्हणाले, "अहो बाई, तुमच्याकडे काहीतरी पडलं." मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, "सर, हिरवा दिवा लागला का ते सांगा." ते ओरडले, "दिवा गेला खड्ड्यात! आधी मागे बघा, बाई!" तेव्हा मी मागे पाहिले. ती सहा पायऱ्या खाली होती. मी हेडफोन काढून उतरले. ती रडली, पण केव्हा रडली ते मला सांगता येत नाही.

६. वरवर काही लागले नव्हते. पंधरा दिवस बरी होती. आता खेळता खेळता मध्येच थांबते, नजर एका जागी राहते, हाक मारली तरी वळत नाही, आणि मग काही झालेच नाही अशी पुन्हा खेळू लागते. डॉक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात : पडल्यावर लगेच रडली, की गप्प होती? गप्प होती तर किती वेळ? सासूबाई म्हणतात, "लगेच रडली गं, मी बाथरूममध्ये ऐकलं ना. पोरं पडतातच." पण त्यांनी रडणे ऐकले, पडणे नाही.

७. आपल्या पत्रात "पार्श्वभूमीतील आवाज : दोन वेळा" म्हणून माझे चार गुण कापले आहेत. गुणांबद्दल माझी तक्रार नाही. पण नियमपुस्तिकेत लिहिले आहे की सलग आवाज एकच धरावा, मध्ये दहा सेकंदांहून अधिक खंड पडला तरच दोन. म्हणजे आपल्या यंत्राने दोन्ही आवाज ऐकले आहेत आणि मधला वेळ मोजला आहे. यंत्र चुकले असेल, अशी आशा धरून मी हा अर्ज करत आहे.

८. मागील दोन्ही अर्ज ग्राहकाच्या गोपनीयतेचे कारण देऊन फेटाळण्यात आले. मला मास्तरांचा एक शब्दही नको. माझेही शब्द गाळा, ते मला पाठ आहेत. ध्वनिमुद्रणही नको. फक्त पहिला आवाज आणि दुसरा आवाज यांच्यामध्ये किती सेकंद गेले, तेवढा आकडा एका ओळीत लिहून द्यावा. ध्वनिमुद्रणे तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. हे बुधवारी, २ जूनला पुसले जाईल. डॉक्टरांनी आम्हाला मंगळवारी बोलावले आहे.

९. खोट्या फॉर्मबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. कामावरून काढायचे झाल्यास तेही मान्य, पण तो आदेश आकडा कळवल्यानंतर काढावा. आधी काढल्यास मी कर्मचारी राहणार नाही, आणि बाहेरच्या व्यक्तीच्या अर्जाला आपली शाखा उत्तर देत नाही.

१०. तीस सेकंद थांबा असे सांगितले की लोकांना धीर धरवत नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी फोनवर मोठ्याने मोजते. दिवसातून चाळीस वेळा मोजते. त्या दिवशी मोजायचे ते सेकंद मात्र मी मोजले नाहीत. ते फक्त आपल्याकडे आहेत.

आपल्या एका ओळीच्या प्रतीक्षेत,

(सही)
मदतनीस क्र. ४१७
दि. २९ मे

सोबत : १) गुणकपातीच्या पत्राची प्रत. २) डॉक्टरांची चिठ्ठी. ३) उत्तरासाठी माझा पत्ता लिहिलेले पाकीट. ईमेल पाठवू नये, घरी इंटरनेट अद्याप बंद आहे.