ट्रेव्हरच्या जागी

एडमंटन, कॅनडा

प्रिय मम्मी,

तुझ्या प्रार्थनेने मी ठणठणीत आहे.

शनिवारी अखेर इथल्या फुटबॉलच्या मैदानात उतरलो. बॉल छातीशी धरून पळणाऱ्या दोघांना आडवं केलं, टीव्हीवर पाहिलंस ना? ट्रेव्हरचा गुडघा गेला, म्हणून त्याच्या जागी मला पाठवलं.

तुझ्या बाटली मसाल्याचं चिकन मागून खाणारा तोच. टीममध्ये माझ्याशी बोलणाराही तोच. मॅचनंतर सगळे माझी पाठ थोपटून आपापल्या घरी गेले. एरवी ट्रेव्हर मला गाडीने सोडायचा. त्या दिवशी एलआरटीची ट्रेन पकडून आलो.

पप्पांची शुगर कशी आहे?

मला चान्स मिळावा म्हणून तू नऊ दिवसांची नोव्हेना केलीस. आता ट्रेव्हरच्या गुडघ्यासाठी कर. तो बरा झाला की मी परत बाकावर बसेन. चालेल मला.

थंडीत टोपी घालूनच फिरणारा,
तुझा जॉयल