लग्नघराची चाल

कारंजा
रविवार, दि. ५ नोव्हेंबर १९७८

चि. इंद्रभान यास भागिरथाबाईचा आशीर्वाद अन् जयभीम.

वि. वि. खुशाली मागून इचारतो, आंदी हे सांग का तुमच्या कंपनीनं आमचं काय पाह्यलं अन् काय लिहिलं? दिवाळी झाली, कापसाची जीन सुरू झाली. दरसालासारख्या आमी पदर खोचून गेलो, तं मुकादमानं फाटकावरच अडवलं. मनते सगळ्याइले काम नाई. काहून नाई मनून मी इचारलं, तं मनेजर बाहीर आला. मनते का मुंबईच्या सल्ला देणाऱ्या कंपनीनं घड्याळ लावून पाह्यलं, एक बाई दोन रेचे पाहते, पण ते तीन पाहू शकते. दर तिघीत एक बाई फालतू हाय.

फालतू! तू तं सोता होता तिथं. संक्रांतीच्या वक्ती टायवाल्या सायबाच्या मांगं पाटी धरून उभा होता. रेच्याच्या तोंडात दिवसभर कापूस द्या लागते, सरकी खाली पडते, रुई वर येते, अन् त्यातली अर्धी आमच्या छातीत जाते. हे तुह्या घड्याळात आलं का नाई?

पह्यलं नाव लिलाआत्याचं काढलं. तू मॅट्रिक होईपर्यंत जिच्या चुलीवर भाकर खाल्ली तिचं. मंग गंगूचं काढलं, तिचं लेकरू अजून अंगावर पिते. माहं नाव राह्यलं. आता वस्तीतल्या बाया माह्याकडे अशा पाहून राह्यल्या जशी त्या कागदावर मीच सही केली. सगळ्याइले माहीत हाय तू कोणाचा भाऊ हाय ते.

लोकं भाजी इकते, तुमी सल्ला इकता. भाजी सडकी निघाली तं बाजारात वापस देता येते. तुमचा सल्ला वापस घेता का नाई, तेवढं लिही. भावजयीले अन् पोरीले आशीर्वाद. माह्या बोलण्याचा राग आला तं येऊ दे, पण पत्र धाड.

तुही बहीण,
भागिरथा


मुंबई
दि. १२ नोव्हेंबर १९७८

ती. बाईस इंद्रभानचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझे पत्र पोचले. किती रागावली आहेस ते अक्षरावरूनच कळले, दोन ठिकाणी टाक कागदाच्या आरपार गेला आहे. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. पोरगी आता चालू लागली, आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोला आत्या म्हणते.

बाई, एक गोष्ट तू समजून घे. आमची कंपनी कोणाला कामावरून काढत नाही. कारखान्यात मजूर किती, काम कसे होते, खर्च कुठे जास्त होतो, याचा अभ्यास करून ती फक्त शिफारशी लिहिते. करायचे ते मालक करतो. माझे काम तर त्याहून लहान. साहेब सांगतील ते पाहायचे, टिपायचे आणि त्यांच्या हाती द्यायचे. त्यात कोणाचेही नाव नव्हते. लिलाआत्याचे तर नव्हतेच, त्या चार दिवसांत ती मला शेडमध्ये दिसली नाही. साहेब म्हणतात, हा अभ्यास झाला नसता तर दोन वर्षांत ती जीन बंदच पडली असती आणि सगळ्याच घरी बसल्या असत्या.

तुला म्हणून सांगतो, तुमच्या कामावर साहेब फार खूश झाले. इतक्या शेडमध्ये फिरलो पण असे काम कुठे पाहिले नाही, असे ते गाडीत म्हणाले. अहवालात तुमच्या ओळीचे उदाहरण दिले आहे. मला फार अभिमान वाटला.

तुझ्या कामाला धोका नाही. लिलाआत्यासाठी रोजगार हमीच्या कामावर चौकशी करावी. रस्त्याचे काम कुठेतरी निघालेच असेल. मी जानेवारीत कायम होईन, मग तुला चार दिवस येथे घेऊन येतो, समुद्र दाखवतो. थंडी पडली असेल, छातीला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
इंद्रभान


कारंजा
रविवार, दि. १९ नोव्हेंबर १९७८

चि. इंद्रभान यास आशीर्वाद, जयभीम.

वि. वि. समुद्र तुह्यापाशीच ठेव. लिलाआत्याले तू गिट्टी फोडाले धाडून राह्यला. तिले हातोडा दिसन रे, पण हातोड्याखालचं बोट दिसनार नाई. तिच्या डोळ्याचं तुले माहीत नाई का?

ते शेडमध्ये दिसली नाई मनतं. दिसन कशी? मीच तिले घरी बसवलं होतं. आता नीट वाच, मी दुसरी शिकली, पण जे झालं ते मले सांगता येते.

मुंबईचे लोक येऊन राह्यले अन् त्याइच्यात तू हायेस, हे समजलं त्याच सांजीले मी वस्तीतल्या सगळ्या बाया विहिरीपाशी जमा केल्या. त्याइले सांगतलं का माहा भाऊ सायबासंग येऊन राह्यला, आपल्या वस्तीतून एवढा शिकलेला तोच एक, त्याची मान खाली जाऊ द्याची नाई. लग्नघरी पंगत उठेपर्यंत कोणी बाई बूड टेकवते का? तशा चालीनं चार दिवस काम करा, मनलं. बाया हासल्या. गंगू मने का नवरदेव तं मोठ्ठा हाय पण हळद कुठी हाय? पण सगळ्याइनं आयकलं. सगळी लेकरं लिलाआत्यापाशी वस्तीत ठेवली. तिचे रेचे दोघीत वाटून घेतले. पाण्याले कोणी उठली नाई. खोकला आला तं पदर तोंडात कोंबला. गंगूच्या छातीचं दूध लुगड्यात झिरपून राह्यलं होतं, तरी उठली नाई पोरगी. सायबानं जे पाह्यलं ते काम नोयतं, ते तुहं लग्न होतं.

एरवी कसं असते ते तुले सांगा लागते का? लिलाआत्याले नीट दिसत नाई, तं आजूबाजूच्या दोघी आपला एक एक कवळा कापूस तिच्या रेच्यात टाकते. गंगू लेकराले पाजाले बसली का तिचे रेचे मी पाहतो. मले उबळ आली का मी बाहीर जाऊन बसतो, माहे गंगू पाहते. दर तिघीत जे एक बाई सायबाले फालतू दिसली, तिच्याच भरवशावर बाकीच्या दोघी सांजीपर्यंत उभ्या राह्यते.

चार दिवस कोणी बी धावते. लग्न संपल्यावर माणूस पाय पसरून झोपते का नाई? तुहं लग्न झाल्यावर मी दोन दिवस उठली नोयती, ते तू पाह्यलं हाय.

मनून आता सायबापाशी जा अन् हे जसं लिहिलं तसं सांग. त्याले मन का पुन्हा या, न सांगता या, अन् मंग लावा घड्याळ. मी फाटकावर लिलाआत्याले सांगून आली का इंद्रभान करन काईतरी. ते मने का पोरगा मोठा झाला, त्याले तकलीप नको देऊ. असं बोलली ते. उशीर नको लावू.

तुही बहीण,
भागिरथा


मुंबई
दि. १ डिसेंबर १९७८

ती. बाईस सप्रेम जयभीम.

वि. वि. पत्र चार वेळा वाचले. घरी दाखवले नाही.

तू सांगितल्याप्रमाणे मी साहेबांच्या खोलीत गेलो. त्या चार दिवसांत बायांनी नेहमीपेक्षा जास्त काम केले असेल काय, असे विचारले. साहेब हसले. म्हणाले, जे चार दिवस जमते ते रोजही जमते, रोज जमत नसेल तर ती व्यवस्थापनाची ढिलाई, आणि तीच दाखवायला तर आपल्याला बोलावले होते. अहवाल आता मालकाचा झाला. पुन्हा पाहणी करायची तर खर्च कोण देणार, असेही म्हणाले.

यापुढे मला बोलता आले नाही. बोललो असतो तर मला हे कसे ठाऊक, हे त्यांनी विचारलेच असते. माझी बहीण त्या शेडमध्ये उभी असते हे मी येथे कोणालाच सांगितलेले नाही. त्या वेळी शेडमध्ये मी तुला ओळख दाखवली नाही, ते तुझ्या लक्षात आले असेल. आता सांगितले तर आधी का लपवले म्हणतील, आणि सगळी पाहणीच खोटी ठरली म्हणून माझ्यावर येईल. जानेवारी तोंडावर आहे, बाई. येथे आम्हा तिघांचे माझ्या एकट्याच्या पगारावर चालते.

तुझ्याशी खोटे बोलत नाही. पहिल्याच दुपारी माझ्या मनात आले होते. शेडमध्ये एकाही लेकराचा आवाज नव्हता. मी त्याच शेडमध्ये सरकीच्या ढिगावर झोपून मोठा झालो, तेथे असे कधी शांत नसते. पण साहेब आकडे मागत होते आणि मी सांगत गेलो.

दि. २६ रोजी, मंगळवारी, साहेब आणि मी पुन्हा कारंज्याला येत आहोत. नवी व्यवस्था कशी चालली आहे ते पाहायचे आहे. या वेळी रात्री नक्की घरी जेवायला येईन. तुझ्या हातची भाकर आणि ठेचा खाऊन वर्ष झाले. फक्त त्या दिवशी कामात ढिलाई दिसू देऊ नका, नाहीतर मॅनेजर आणखी कडक होईल. लिलाआत्याला माझा जयभीम सांग. माझ्यावर राग धर, पण मला परका करू नकोस.

तुझा,
इंद्रभान


कारंजा
रविवार, दि. १० डिसेंबर १९७८

चि. इंद्रभान यास जयभीम.

वि. वि. तुहा जयभीम लिलाआत्याले सांगतला नाई. ते कापूस येचाले धनजच्या एका वावरात गेली होती. डोळ्यानं दिसत नाई तं बोंडासंग पाचोळा बी झोळीत भरला. वावरवालीनं झोळी उलटी केली अन् तिले दुपारीच वापस धाडलं. आता पाह्यटी सवयीनं उठते, आमच्यासंग फाटकापर्यंत येते, अन् तिथून एकटीच वापस जाते. पह्यल्या दिवशी चौकीदारानं हटकलं, आता तो बी काई मनत नाई. गंगू लेकराले घेऊन नवऱ्यासंग वीटभट्टीवर गेली.

अन् लिलाआत्याचा रेचा कोणाले देला, आयक. मले देला. तिसरा.

पाणी प्याले सवड नाई. आता उबळ आली तं रेच्यातच थुकतो मी. हळू केलं तं मनेजर मनते फाटक उघडं हाय. जोरानं केलं तं तुह्या सायबाचं खरं होते. कोणत्या बाजूनं उभी राहू ते त्या घड्याळवाल्यालेच इचार.

बुधवारी सहा तारीख झाली. विहारात मेणबत्त्या लावल्या. बाबासायबाइनं शिका मनलं, मनून मी अन् लिलाआत्यानं तुले शिकवलं. शिकून तू आमाले मोजलं. लेकराचा आवाज नोयता हे तुले पह्यल्याच दुपारी समजलं होतं मनतं. हे वाचलं अन् मी चुलीपाशी बसून राह्यली, भाकर जळली. सायबाले दिसलं नाई, मी समजतो. त्याले काय माहीत. पण तुले दिसलं रे.

आता कामाचं बोलतो. राह्यलेल्या बाया काल सांजीले माह्या घरी आल्या होत्या. इचारून राह्यल्या का सव्वीसच्या मंगळवारी कोणत्या चालीनं काम करायचं. मी मनलं आपल्या रोजच्या चालीनं. लेकरं संग आणू, पाण्याले उठू, खोकला आला तं खोकू. बाया मनते का मंग मनेजर कामचोर मनून आमाले बी काढन, अन् आमच्याकडून बोलनार कोण? मी तुहं नाव घेतलं नाई. त्याइनंच घेतलं. एकीनं मनलं का इंद्रभान सायबाच्या समोर उभा राहून एवढं मनन का, का हे माही बहीण हाय, अन् संक्रांतीच्या वक्ती ह्या बाया माह्यासाठी धावल्या होत्या?  मी मनलं, त्यालेच इचारतो.

तुही नोकरी मले समजते. तुही लेक मले समजते. तिच्यासाठी खाऊ मनून मी ज्वारीच्या धापड्याची पेंडी बांधून ठेवली हाय. पण त्या बाईनं मनलेल्या दोन गोष्टी सायबाच्या समोर तुह्याशिवाय कोणाले बोलता येत नाई, अन् मी बोलली तं ते रडगाणं होते.

शनिवार तेवीस तारखेच्या टपालानं मले उत्तर पायजे. कारड चालन. खुशाली नको, समुद्र नको, जेवाले येतो का नाई ते बी नको. सायबाच्या समोर बोलतं का नाई, तेवढंच लिही. पोस्टमन दुपारी वस्तीत येते, तवा बाया माह्या दारात उभ्या राह्यतीन, अन् मले त्याइले सांगा लागन.

कारड नाई आलं तं मंगळवारी आमी पुन्हा लग्नघराच्या चालीनं धावू. मंग सायब मनन का चार रेच्याले बी एक बाई पुरते, अन् त्याच्यामांगं पाटी धरून तू ते लिहून घेशीन.

भागिरथा