दाजी रणात उभे

२३ नोव्हेंबर, रविवार
आज मोठी बातमी. पुढच्या महिन्यात म्हसवडजवळच्या आमच्या सासरवाडीत, माळावर, जुन्या लढाईचा थेट देखावा होणार. ढाली, तलवारी, घोडा, हलगी, सगळं. आयोजक आमचा मेहुणा शंभूराज. तो नुकताच फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलाय. त्या गावात घरटी एक फौजी. मी शंभूराजला तडक फोन केला, मीही लढणार. तुमी दाजी, तुमी, असं त्यानं तीनदा विचारलं. आनंदानंच असणार.

फौजी रक्त माझ्यातही आहे. भरतीच्या वेळी छाती फुगवूनही कमी भरली, पण टेप ताणून लांबलेला होता हे मी तेव्हाच बोलून दाखवलं होतं. असो. आता शिरवळच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. लढाईच्या भाषेत रसद.

ध्येय एकच. त्या गड्यांनी मला आपल्यातला म्हणावं. लग्नाला बारा वर्षं झाली. तिथं गेलो की दाजी, दाजी करून खुर्ची देतात आणि लांब जाऊन आपापसांत हसत बसतात. अजून एकानं पाठीवर थाप मारलेली नाही.

२४ नोव्हेंबर, पहाटे ५
उद्यापासून रोज पळायचं. आज फक्त गजराची चाचणी घेतली. वाजतो.

२८ नोव्हेंबर
पळण्याबाबत फेरविचार. पळणं हे पायदळाचं काम. माझा पिंड घोडेस्वाराचा. इथं आमच्या लोणंदमध्ये घोडा मिळाला नाही. बुलेट आणू का, असं शंभूराजला विचारलं. नको म्हणाला. त्याला नवीन कल्पना झेपत नाहीत.

३ डिसेंबर
भूमिका ठरली. मी शिलेदार. पायी. पहिल्या हल्ल्यात वाट अडवून उभं राहायचं आणि शत्रूकडच्या हरिबाच्या वारानं पडायचं. मी पडलो की आमची फौज चवताळून सुटणार आणि लढाई जिंकणार. म्हणजे अख्खी लढाई माझ्यावर अवलंबून.

मरतानाचं भाषण लिहायला घेतलंय. सध्या दीड पान. बायकोला, म्हणजे संयोगिताला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं बोलणारा माणूस मरायला टेकलाय, हे कोण खरं मानंल? तिला इतिहासाची आवड नाही.

७ डिसेंबर
हवामानाचा अभ्यास पूर्ण. डिसेंबरात माणदेशी माळावर थंडी हाडं फोडते. अंगरख्याच्या आत थर्मलचे दोन जोड, वर लोकरी बंडी. शंभूराजनं ग्रुपवर टाकलंय, दुपारी ऊन लय असतंय, सुती घाला, पाणी भरपूर आणा. ही माणसं बर्फात नोकरी करून आलेली. त्यांना थंडी कुठली कळणार?

९ डिसेंबर
मिसळण्याची तयारी. कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या पाठीवर जोरात थाप मारून, काय गड्या, म्हणालो. त्यानं सुपरवायझरला कळवलं. शहरी वातावरणात माणुसकी राहिली नाही.

१३ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ
सासरवाडीत दाखल. लढणारे सगळे आज माळावर एकाच तंबूत झोपणार. चुलीवर पिठलं, हातावर भाकरी. मी घोंगडं खांद्यावर टाकून निघालो, तर सासूबाई दारात आडव्या. आवं, तुमी भुईवर निजला तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल, म्हणाल्या. पुरणपोळी केली होती. वर कटाची आमटी. आग्रह मोडवेना. गादीवर बसून लिहितोय. माळाकडून हसण्याचे आवाज येतायत. लढाईच्या आदल्या दिवशी इतकं हसणं बरं नाही. शिस्त कमी पडते.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ७
कडाक्याची थंडी. मी म्हणालोच होतो.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
नीट क्रमानं लिहितो.

भर दुपारी लढाई सुरू झाली. हलगी कडाडली. शत्रू आरोळ्या ठोकत थेट माझ्यावर आला आणि चार पावलांवर येऊन दुभंगला. निम्मे डावीकडून गेले, निम्मे उजवीकडून. जाताना एकानं, जरा सरकतो दाजी, असंही म्हटलं. माझ्या नजरेत काहीतरी आहे हे मला आधीपासून माहीत होतं.

हरिबा मात्र समोर थांबला. तलवार उचलली. परत खाली घेतली. हळूच म्हणाला, दाजी, तुमीच पडा की. मी म्हणालो, आधी वार कर. तो म्हणाला, गावच्या जावयावर हात कसा उगारू? सुलाकाकी म्होरंच बसल्यात. मी वळून पाहिलं. सासूबाई खरंच पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या. मी हरिबाला हुकूम सोडला, मार. त्यानं मला रामराम घातला आणि दुसऱ्या कुणाला तरी मारायला गेला.

मग मीच शत्रू गाठायला लागलो. एक म्हणाला, तुमची मंडळी माझी चुलत बहीण लागती. दुसऱ्यानं चहा झाला का विचारलं. तिसरा मला येताना बघून स्वतःच मेला.

असे दोन्हीकडचे बरेच मेले. मी पडेना म्हणून आमची फौज चवताळेना. तिकडे शंभूराज घोड्यावर खोळंबला, घोडा गवत खायला लागला. हलगीवाला दोनदा थांबून घाम पुसून आला. ऊन डोक्यावर, आत थर्मलचे दोन जोड. माझी भट्टी झाली होती. मेलेले मात्र बाभळीच्या सावलीत पडून होते. एकमेकांच्या मांडीवर डोकी, एकाच बाटलीतलं पाणी, कुणीतरी काहीतरी बोलत होतं आणि सगळी मढी पोट धरून हसत होती. मला त्यांचा हेवा वाटला. तिथं जाऊन पडावं, एवढंच वाटलं.

शेवटी छातीला हात लावून मी आपला आपण पडलो. खिशातलं भाषण घामानं विरघळलं होतं. सरपटत बाभळीखाली गेलो. मला बघताच मेलेल्यांनी मांडीवरची डोकी उचलली. उठून बसले, कपडे झटकले. एकानं डोक्याचा पटका सोडून भुईवर अंथरला. म्हणाला, दाजी, तुमी हितं निवांत मरा, आमी सरकतो. आणि सरकले ते पार उन्हात जाऊन मेले. सावलीत मी एकटा. वाईट वाटलं. मेल्यावरही डोळे उघडे ठेवून पडलो होतो.

१५ डिसेंबर, लोणंद
लढाई आम्ही जिंकलो. त्यानंतरच्या सत्काराबद्दल लिहायचं राहिलं.

शंभूराजनं एकेकाचं नाव पुकारलं. प्रत्येकाच्या छातीवर पितळी बिल्ला लावला आणि पाठीवर सणसणीत थाप मारली. शत्रूंनाही. घोड्यालाही मारली. माझं नाव सगळ्यात शेवटी. मोठा मान शेवटीच असतो. छाती काढून पुढं झालो, पाठ जरा त्याच्याकडं वळवली. त्यानं माझ्या हातात नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली, कपाळाला गंध लावलं आणि वाकून पाया पडला. सगळ्यांनी शांतपणे टाळ्या वाजवल्या.

बिल्ल्याच्या पिनेनं शर्टाला भोक पडतं. टॉवेल वापरात तरी येतो.

येताना गाडीत संयोगिताला सहज विचारलं, तुझ्या माहेरचे मला आपल्यातला गडी कधी समजणार? तिनं खरंच थोडा विचार केला. म्हणाली, मी तुमाला सोडचिठ्ठी दिली की दुसऱ्या दिवशी.