राणी जगते ती आवृत्ती

४ जानेवारी

शेवटी प्लास्टर! डावा पाय, घोट्याच्या वरपर्यंत. गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घेत होते, स्टूल डगमगलं आणि मी खाली. इतकी वर्षं पडदे शिवते — पडायचं काम पडद्यांचं, माझं नव्हे! मालकीणबाई म्हणाल्या, "हाड जुळेपर्यंत दुकानात पाऊल टाकायचं नाही." टाकण्याजोगं पाऊल एकच उरलंय, ते कुठे टाकणार?

दादा बघायला आला. नेहमीसारखा — गाडीची किल्ली हातात, बूड टेकायचं नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे शिकाऊ खोळंबलेत म्हणे. बाबांना विचारलं, "बरं आहे ना?" — भिंतीकडे बघून. बाबा म्हणाले, "हो" — दुसऱ्या भिंतीकडे बघून. झालं बापलेकांचं बोलणं. वर्षानुवर्षं एवढंच.

मी म्हटलं, दिवसभर पडून काय करू, ग्रंथालयातून पुस्तक आणून दे. "कुठलं?" "लहानपणी बाबा वाचून दाखवायचे ना — किल्ल्यातल्या राणीची कादंबरी. तीच." त्याचा चेहरा उतरला. "त्या जुन्या रद्दीत काय ठेवलंय, ठमे?" पण आणतो म्हणाला.

दादाने जन्मात कादंबरी हातात धरली नाही. वाहतुकीचे नियम सोडले तर काही वाचत नाही, आणि ते पाळत नाही.

६ जानेवारी

आलं पुस्तक! स्वतः नाही आला, शेजारणीच्या हाती पाठवलं. पुठ्ठा नवा घातलाय, पण आत तीच दाटीवाटीची अक्षरं, तोच कपाटातला कोंदट वास. पहिल्या पानालाच मी पुन्हा सहा वर्षांची.

बाहेरची खोली. लोखंडी खुर्ची, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. त्यावर बाबा. खाली सतरंजीवर मी आणि दादा. आणि आतल्या खोलीचं दार — अर्धं उघडं. आत आई पडून असायची. त्या वर्षी ती उठलीच नाही. दार पूर्ण उघडं ठेवलं तर तिला उजेडाचा त्रास, बंद केलं तर बाबांना चैन नाही. म्हणून अर्धं.

बाबांनी नोकरीभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले. गोष्टही तशीच वाचायचे — एका सुरात, आकडे सांगितल्यासारखी. राणीने तलवार उपसली काय आणि दूध नासलं काय, आवाज तोच! तरी आम्ही जागचे हलायचो नाही.

त्या कादंबऱ्या मी स्वतः कधी वाचल्याच नाहीत. आई गेली आणि वाचन बंद झालं. पुस्तकं परत गेली. मग शाळा, मग मशीन, मग पडदे. म्हणजे खरं पाहता ही पहिलीच भेट.

७ जानेवारी

सूर्योदयाचं वर्णन अजून चालू आहे. चौथं पान! इतक्या वेळात खरा सूर्य डोक्यावर आला.

९ जानेवारी

आज खूप वाचलं. खूप हसलेही. "महालाचे मखमली पडदे मंद वायुलहरींनी फडफडू लागले" — अहो, अस्तर लावलेली मखमल उचलायला दोन माणसं लागतात! फडफडते म्हणे. आणि राणी मूर्च्छित किती वेळा पडते! दर वेळी दासी गुलाबपाणी घेऊन तयारच. त्या दासीला दुसरं काही काम नसावं.

पण मजा वाटते. हल्लीचं लिखाण म्हणजे लिफ्ट — बटण दाबलं, पोचलात. हा जुना लेखक जिन्याने नेतो. मधल्या मजल्यावर दम खायला बसवतो, "वाचकहो, तुम्हांस वाटेल की..." म्हणत चौकशी करतो. मला काय वाटेल याची इतकी काळजी दुसरं कोण करतं?

शिवाय वेढ्याचा भाग — तिथे तो थट्टा विसरायला लावतो. धान्य संपत आलंय, राणी सगळ्यांसमोर हसतमुखाने जेवल्याचं नाटक करते, घास मुलीच्या ताटात सरकवते. मूर्च्छा वगैरे एकदम बंद! इथे हात थांबला माझा. खुर्चीतून बाबांनी विचारलं, "पान का उलटत नाहीस?" दिसत नाही फारसं, पण कान शाबूत आहेत.

१२ जानेवारी

राणी मेली.

शेवटच्या आधीच्या प्रकरणात. बुरुजावर, पहाटे, मदत येऊन पोचायच्या आत. मुलगी तिच्या उशाशी. मी थांबून पुन्हा वाचलं. मेलीच आहे.

पण ती मरत नाही! मला आठवतंय ना! वेढा उठतो, राणी बुरुज उतरून खाली येते, पायरीवर बसते. मुलगी तिचे केस विंचरायला घेते. इतक्या दिवसांची गुंतवळ, फणी अडकते. राणी म्हणते, "हळू गं, शत्रूनेसुद्धा इतकं ओढलं नाही." आणि बसल्या बसल्या झोपून जाते. मुलगी फणी हातात धरून तशीच बसते — तिची झोप मोडू नये म्हणून. हे मला माझ्या हाताच्या रेषांसारखं पाठ आहे. आयुष्यात कितीदा आठवून हसलेय!

पुस्तकात कुठेच नाही. पानं मोजून पाहिली, फाटलेलं काही नाही. ग्रंथालयात फोन केला. म्हटलं, दुसरी आवृत्ती होती का, बदललेल्या शेवटाची? ग्रंथपाल म्हणाले, "बाई, लेखक जाऊन जमाना झाला. बदलायला तो परत येणार होय?"

१३ जानेवारी

चहा देताना सहज विचारलं. "बाबा, ती किल्ल्यातली राणी — शेवटी जगते ना?"

"जगते."

"पुस्तकात मरते हो."

बशी खाली ठेवली. "जगते. मी वाचलंय." आणि रेडिओ लावला, मोठ्याने.

१६ जानेवारी

शेजारणीला पाठवून दुसरं मागवलं, खलाशाचं. हेही बाबांनी त्याच वर्षी वाचलेलं, राणीच्या आधी. छान पुस्तक आहे, राणीच्या पुस्तकापेक्षा सरस. वादळ येतं तेव्हा अंथरूण हलल्यासारखं वाटतं. समुद्र न पाहिलेल्या माणसाला खारट चव आणून देणारा लेखक!

खलाशी किती वर्षांनी घरी येतो. पुस्तकात — दाराला कुलूप. बायको वाट पाहता पाहता गेलेली, पोरं आजोळी. शेजारी किल्ली आणून देतो. बस, एवढंच. फार चांगलं लिहिलंय, खोटं का बोलू.

मला आठवतं ते वेगळंच. बायको दार उघडते, त्याला वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "पाय पुसून आत या. आत्ताच फरशी पुसलीय." दादा आणि मी लोळलो होतो हसून!

मग दिवसभर तिसरं आठवत बसले — दोन सैन्यांत विभागलेल्या भावांचं. त्यात एक भाऊ मेला होता. सेनापती मेला. घोडासुद्धा मेला, आणि त्या घोड्यासाठी मी जेवले नव्हते. म्हणजे बाबांनी मरण टाळलं नाही. सैनिक मरू दिले. घोडा मरू दिला.

आई तेवढी मरू दिली नाही. कुणाचीच.

१७ जानेवारी

काही वाचलं नाही. बाबांकडे बघत बसले. खिडकीत ऊन घेत होते. ज्या माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मीटरचा एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तो पोरांसमोर पुस्तक धरून पानंच्या पानं मनाने रचत होता! आणि आवाज तोच, एकसुरी. पलीकडे अर्धं दार.

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण माझाच एक पाय उशीवर.

१८ जानेवारी

दादाला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, तोही माझ्यासारखा विरघळेल. तो एवढंच म्हणाला, "उद्या येतो." आणि ठेवला.

१९ जानेवारी

दादा आला. बाबा आत झोपले होते दुपारचे. आज किल्ली खिशात ठेवली आणि बसला — माझ्या पायाशी, पलंगाच्या कडेला.

म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. मी दहा वर्षांचा होतो, ठमे, मला वाचता येत होतं. राणीचं पुढे काय होतं, मला धीर निघेना. शाळेतून आलो, बाबा अजून कामावर होते, मी खुर्ची लावली, फळीवरून पुस्तक काढलं आणि शेवट वाचला. मेलेली राणी वाचली. खूप रडलो. मग वाटलं, आज संध्याकाळी ठमी रडणार, तिला सांभाळायला हवं. तयार होऊन बसलो होतो."

मला ती संध्याकाळ आठवत होती. फक्त माझ्या बाजूने.

"आणि बाबांनी वाचलं — ती खाली येते, पायरीवर बसते. कुठे अडखळले नाहीत. पाठ केल्यासारखं, घडाघडा. मी पुस्तकाकडे बघतोय, त्यांच्याकडे बघतोय, ते मान वर करत नाहीत. तेव्हा कळलं मला. एरवी जो माणूस खोटं बोलत नाही, तो हे का बोलतोय, ते कळलं. आई बरी होणार नव्हती. डॉक्टरांनी मला वेगळं सांगायची गरज उरली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू टाळ्या वाजवत होतीस."

आतून बाबांचं घोरणं.

मग तो म्हणाला, "आई जायला अजून तीन-चार महिने होते. तेवढा वेळ मी एकटाच ते घेऊन फिरलो. शाळेत, मैदानात. तिच्याजवळ जायची भीती वाटायची, चेहऱ्यावरून तिला कळेल म्हणून. जायचोच नाही. बाबा हाक मारायचे, 'आईजवळ बस रे' — मी पळून जायचो. ते खोटं इतकं सफाईने बोलले नसते, तर मी एकदा तरी विचारलं असतं. रडलो असतो त्यांच्यापाशी. त्यांनी दारच लावून घेतलं."

इतकी वर्षं मला वाटायचं, दादा रूक्ष आहे. पुस्तकाचं नाव काढलं की चिडतो. दहा वर्षांच्या पोराने पुस्तक उघडलं आणि त्यात स्वतःच्या आईचं मरण वाचलं — तो पुन्हा कशाला उघडेल?

जाताना उंबऱ्याशी थांबला. "त्यांना काही विचारू नकोस. या वयात कशाला." किल्ली काढली, गेला.

२१ जानेवारी

राणीचा खरा शेवट परत वाचला. शांतपणे, वाचक म्हणून. लेखकाचं बरोबर आहे. वेढ्याची इतकी पानं लिहिल्यावर तिने पायरीवर बसून केस विंचरून घेतले असते, तर कादंबरी फसली असती. तो बुरुज, ती पहाट, ते थंडगार होत जाणारं बोट — थोर लिहिलंय.

पण मला कुणी विचारलं ना, तुमच्या मनातली राणी कुठली — तर गुंतवळवाली. वाईट लेखन असेल. असू दे! त्या एका वाईट लेखनावर माझं बालपण तरलं. आणि त्याच लेखनात दादाचं बुडालं. एकाच सतरंजीवर, शेजारी शेजारी बसून.

कुणाची बाजू घेऊ?

२३ जानेवारी

प्लास्टरच्या आत खाज. पट्टी घालून खाजवली. भावांची कादंबरी आली आहे. उघडली नाही.

२५ जानेवारी

दादाचा फोन नाही. बाबांनी आज आपणहून विचारलं, "तो त्या दिवशी बराच वेळ बसला होता ना?" म्हणजे झोपले नव्हते, घोरणं वरवरचं! मी "हो" म्हटलं. "किल्ली वाजली नाही," म्हणाले.

किती ऐकलं असेल? कान शाबूत आहेत, मीच लिहिलंय वर.

२६ जानेवारी

सकाळी त्यांची नखं कापत होते. राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, त्या गोष्टींचे शेवट तुम्ही किती छान रचलेत हो."

"मी?" हात मागे घेतला. "मला कुठलं सुचतंय! तिने सांगितलं."

"कुणी?"

"तुझ्या आईने. तुम्ही शाळेत गेलात की मी तिला आधी वाचून दाखवायचो, कामावर जायच्या आत. शेवट ऐकून म्हणाली, 'हे नको, असं वाचा.' बोलताना धाप लागायची. मी पाठ करून घ्यायचो. संध्याकाळी आतून ऐकायची, शब्द चुकला की खोकायची." मग थांबून म्हणाले, "थोरला घरी लपून पुस्तक बघतो, हे तिला कळलं होतं. म्हणाली, तो येईल माझ्याकडे विचारायला. मग त्याला मीच सांगेन सगळं. त्यासाठी दार उघडं ठेवा."

लगेच दादाला फोन लावला. एका दमात सांगितलं, जसंच्या तसं. मागून कुणा शिकाऊ बाईचा घाबरा आवाज आला, "सर... सर, गाडी बाजूला घेऊ का?"

"घ्या," दादा म्हणाला.